जाहीर नोटीस

राजाबाईच्या घराचं मूळ खरेदीपत्र गायब झालं आणि निपाणीच्या त्या बोळाला चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणे वाळवीनं खाल्लं, कुणी म्हणे म्हातारीनंच दडवलं. खरं काय ते राजाबाईला पक्कं ठाऊक होतं. तिचा सौरव भांडून घर सोडून कोल्हापूरकडं गेला, त्याच दिवशी कपाटातली कागदांची पिशवीही गेली होती. पण आपल्या पोटच्या पोराला चोर कुठल्या तोंडानं म्हणायचं?

घर घेणारी माधवी बेळगावात नोकरीला. ती इसाऱ्याची आगाऊ रक्कम देऊन बसलेली, आणि कागद नाही म्हटल्यावर जाम खवळली.

"आज्जी, मूळ कागद द्या, न्हायतर इसारा परत करा. मी कोर्टात जाईन बघा!"

इसारा राजाबाईच्या दवाखान्यात कधीच संपला होता. आणि राजाबाईला घर विकायचंच होतं. नवरा गेल्यापासून ते तिला खायला उठायचं. नंदगडची भाची "ये मावशी" म्हणून मागं लागली होती.

शेवटी वकिलानं तोड काढली. आधी पोलिसात तक्रार, मग पेपरात नोटीस, मग नक्कल काढून खरेदी. तक्रारीत 'चोरीला गेलं' लिहूया म्हटल्यावर राजाबाई भडकली. "हरवलं लिवा! चोरीबिरी काय न्हाय."

वकिलानं नोटिशीचा मजकूर वाचून दाखवला. या घरावर कुणाचा हक्क असेल त्यानं पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी, नाहीतर कुणाचाही हक्क नाही असं समजून व्यवहार पुरा होईल.

"कुणीबी घिऊ शकतं व्हय हरकत?"

"तुमचा मुलगासुद्धा, आक्का. तीच तर भीती आहे."

राजाबाईनं नोटिशीचा कागद हातात घेतला. मग म्हणाली, "कोल्हापूरच्या पेपरात बी द्या. कानडी पेपरात बी द्या."

घ्या आता! टळतंय ते टळू द्यायचं सोडून ही बाई त्याला आवतण धाडत होती.

नोटीस छापून आली आणि राजाबाई रोज धुतलेलं लुगडं नेसून दारात बसू लागली. कोल्हापूरची गाडी आल्याचा अंदाज घेऊन बोळाच्या तोंडाकडं बघायची. पोस्टमन दिसला की उठून उभी राहायची. "काय न्हाय, आक्का," म्हणत तो पुढं जायचा. सौरव आला की आधी त्याची चांगली खरडपट्टी काढायची, मग जेवायला वाढायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. भांडायला का होईना, पण येऊ दे. घर माझं हाय म्हणून ओरडू दे. तिला त्याचा आवाज ऐकायचा होता, बस्स.

मुदत संपली. माधवी पेढे घेऊनच वकिलाकडं आली.

"आज्जी, एकसुद्धा हरकत आली न्हाय! सुटलो बघा आपण."

वकिलानं खरेदीचा कागद सहीसाठी पुढं सरकवला. राजाबाईनं हात लावला नाही.

"सायेब, माझी हरकत लिवून घ्या."

वकील हसला. "अहो आक्का, विकणाऱ्यालाच हरकत घेता येत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी लागते."

"दुसरं कोन हाय मला?"

वकिलाचं हसू तिथंच थांबलं. माधवीनं पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. राजाबाईनं स्वतःच पेन मागून घेतलं आणि सही केली.