एका साच्यातली बारा भावंडं

मित्रांनो, मी एक जुना हूक आहे. जुना म्हणजे अवघा आठ महिन्यांचा. पण ज्याचे दोन तुकडे झाले, त्याला नवा कोण म्हणणार? नीट ऐका. पाल्हाळ लावायला मला वेळ नाही.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जुने नळ, भांड्यांचे तुटके कान, असलं काहीबाही वितळवून त्याने वाळूच्या साच्यात ओतलं. एका साच्यात आम्ही बारा भावंडं निघालो. वरून गुळगुळीत, पोटात हवेचे बुडबुडे. ओताऱ्याने आम्हाला पिशव्या अडकवायला केलं होतं आणि त्या कामाला आम्ही चोख होतो. पण माल न्यायला आलेल्या व्यापाऱ्याने आमच्यावर मुलामा चढवून एका बड्या कंपनीचा शिक्का मारला.

ओतारी म्हणाला, "हा डुप्लिकेट माल आहे. याला माणूस लटकवू नका."

व्यापारी हसला. कुलपाची डुप्लिकेट किल्ली कुलूप उघडतेच ना, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. अंगावर शिक्का बसला की कोणाला मिरवावंसं वाटत नाही?

आम्ही बाराही एकाच दुकानात पोचलो. तिथून मला विकत घेतलं एका मुलीने, पहिल्या पगारातून. तिचे वडील उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दोराला बांधलेल्या फळीवर बसायचं, कमरेचा पट्टा हुकाने दुसऱ्या दोरात अडकवायचा आणि चौदाव्या मजल्यावरून पुसत पुसत खाली यायचं, हे त्यांचं काम. त्यांचा आधीचा हूक ओरखड्यांनी भरलेला, पण घडीव आणि अस्सल. मी आलो आणि त्या बिचाऱ्याची रवानगी मोरीत बादली टांगायला झाली.

अण्णा आणि त्यांचे मेहुणे जोडीने काम करत. त्यांची एक रीत होती. दर सोमवारी माणसाच्या दुप्पट वजनाचं वाळूचं पोतं आधी हुकाला लटकवायचं आणि हातभर खाली सोडून झटका द्यायचा. पोतं टिकलं तरच माणूस. मेहुणे म्हणाले, नव्यालाही पोतं लावू. अण्णांनी साफ नकार दिला. लेकीने प्रेमाने दिलेली वस्तू कोणी पारखून घेतं का? शिवाय ओरखडा पडला असता. ते मला रोज फडक्याने पुसत आणि येईल त्याला शिक्का दाखवत.

मग एकदा फळीवर त्यांचा पाय घसरला. क्षणभरच भार माझ्यावर आला आणि माझ्या पोटात काहीतरी तडकलं. डुप्लिकेट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. किल्ली फसली तर फार तर दार उघडत नाही.

त्यानंतरची प्रत्येक सकाळ माझ्या जिवावर यायची. गंजावं तर मुलामा गंजू देत नव्हता. हरवावं तर अण्णा मला उशाशी ठेवत. तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. आज नको, आज नको, एवढंच म्हणत मी चौदा मजले उतरत होतो.

एका सोमवारी अण्णा पाणी आणायला गेले आणि मेहुण्यांनी गुपचूप मला पोत्याला लावलं. देवा, तुटू दे, आत्ताच तुटू दे, असं मी जिवाच्या आकांताने म्हणालो. आणि तुटलो. खाली पोतं फुटून वाळू पसरली होती. अण्णा परत आले, त्यांनी माझे तुकडे गोळा केले. मेहुण्यांना म्हणाले, "पोरीला सांगू नकोस. तिचं मन मोडेल."

माझे तुकडे त्यांनी खिशात टाकले. जुना हूक पुन्हा कामावर गेला. मोरीतली बादली जमिनीवर आली, ते मुलीच्या लक्षात आलं नाही. तिला त्यांनी सांगितलं, तुझा हूक लाखात एक आहे.

पोरगी हुरळली. पुढच्याच आठवड्यात ती त्याच दुकानातून मामासाठी, म्हणजे अण्णांच्या त्या मेहुण्यांसाठी, माझा भाऊ घेऊन आली. तो टेबलावर चकाकत होता. मामांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खिशातून माझे तुकडे काढून त्याच्या शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं.

तिने तुकडे उचलून हातात घेतले. "बाबा, तेव्हाच का नाही बोललात?" ती म्हणाली. "मी दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, माझे बाबा याच्याच भरवशावर उतरतात. ते ऐकून लोकांनी उरलेले दहाही नेले."

दुकानदाराकडे कोणाचाच पत्ता नव्हता. तेव्हापासून ती, अण्णा आणि मामा सुट्टीच्या दिवशी गल्लोगल्ली हिंडतात. माना वर करून दोरावरच्या माणसांना हाका मारतात. मी तिच्या मुठीत असतो. वरच्यांना वाऱ्यात ऐकू येत नाही; काहीजण हसून हात हलवतात.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी दोरावर चढत असेल, तर आज, आत्ता, त्याच्या हुकाला आधी पोतं लावा. तो कोणी दिला, किती मायेने दिला, ते नंतर बघा. ओरखडा पडला तर पडू दे. आम्ही बारा होतो. चार सापडलो. आठ अजून वर आहेत.