रंगूनला गाजलेली आई

"नाव छापू का, व्हय का नाय, एवढंच सांगा," नाटक कंपनीचे मालक नानासाहेब म्हणाले, आणि शहागंजातल्या आपल्या दोन खोल्यांत कमरोद्दीननं हातातला कप बशीत ठेवला.

कमरोद्दीन कचेरीत मुतर्जिम होता. म्हणजे कसं, निजामाच्या राज्यात नाटक लावायचं तर परवानगी लागायची, आणि साहेबाला मराठी येत नव्हतं. मग नाटक उर्दूत करून साहेबापुढं ठेवायचं काम कमरोद्दीनचं. बावीस वर्षं त्यानं ते कोरडंठाक केलं. राजा येतो, राणी रडते, पडदा. साहेब चाळायचा, शिक्का मारायचा, संपलं. पण नानासाहेबांनी स्वतः लिहिलेलं नाटक आलं तेव्हा त्याची आई नुकतीच गेली होती, नाटकही नेमकं कैदी पोराच्या आईचं, आणि गड्याचा हात सुटला तो सुटलाच, सगळा जीव ओतला त्यानं त्या कागदांत. साहेबानं वाचलं, डोळे पुसले, आणि परवानगी नाकारली. म्हणाला, मी रडलो, तर लोक काय करतील?

चूक आपलीच, म्हणून कमरोद्दीननं आपला कच्चा मसुदा गुपचूप नानासाहेबांना दिला. कंपनी तो घेऊन राज्याबाहेर पडली, बोटीत बसली, पार ब्रह्मदेशात रंगूनला पोचली आणि तिथं त्याच उर्दूत बेचाळीस खेळ झाले!

"आता परत रंगूनला चाललोय, कमरोद्दीनभाई. जाहिरातीत मोठ्या अक्षरात घालतो तुमचं नाव."

"घाला की," दाराच्या पडद्याआडून त्याची बायको फहमिदा म्हणाली. "जलमभर दुसऱ्याचंच लिवलं यांनी."

"कचेरीचा कागद बाहेर दिलाय मी," कमरोद्दीन म्हणाला. "नाव आलं की नोकरी गेली. अन् जाहेदाचं लगीन दोन महिन्यांवर."

लेकीचं नाव ऐकलं तशी फहमिदा पडद्यामागनं आतल्या खोलीत गेली.

"नका छापू, नानासाहेब." मग, खाली बघत, "लोक कुठं रडले पर?"

"दुसऱ्या अंकात. पोरगं तुरुंगात मरतं, अन् आई दारात जाऊन त्याची चप्पल मागती, तिथं. रोज वन्समोअर. खरं सांगू, हे मी कधी लिवलं मलाच आठवंना."

त्यांनी लिहिलंच नव्हतं. थोरला भाऊ तुरुंगात वारला तेव्हा लहानगा कमरोद्दीन आईचं बोट धरून तुरुंगाच्या दारात उभा होता.

नानासाहेब उठून उभेच राहिले, हात पसरला, आवाज लावला, "मेरे बेटे की चप्पल दे दो, सरकार!"

"असं नाय," कमरोद्दीन हळू म्हणाला. "'मेरे बेटे की' म्हनल्यावर ती थांबती. आत चपलांचा ढीग असतो. तो बघती. मग बोलती."

नानासाहेब पुन्हा खाली बसले. खिशातून पेन्सिल काढली.

"किती वेळ थांबती?" त्यांनी विचारलं.