अडून राहिलेला बर्फ

"तुमच्या साइटवर सकाळची वेळ भरलेली दिसतेय, आणि इथं कारखान्यात माणसं हात बांधून उभी आहेत," प्रतापभाऊ फोनवर म्हणाले. "साखरबाईंची बोट बर्फासाठी थांबली, तेवढ्यात ओहोटी लागली. आता पाणी चढेपर्यंत ती चिखलात. काय सांगू त्यांना?"

प्रतापभाऊ पालघरजवळच्या माहीममधल्या एका मच्छीमार सोसायटीचे सचिव. फोन घेतला होता आनंदीनं. ती पालघरच्या एका लहान कंपनीत प्रोग्रामर होती. वडील वीज प्रकल्पातल्या नोकरीसाठी लातूरहून आले, त्यामुळे ती वाढली बोईसरला. बोटीत मात्र कधी पाऊल ठेवलं नव्हतं. सोसायटीच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायची वेळ बोटमालकांना मोबाइलवर ठरवता यावी, म्हणून तिनंच ही साइट बनवली होती. एखाद्यानं वेळ निवडली की ती त्याच्यासाठी अडवून ठेवली जायची, म्हणजे तो नक्की करेपर्यंत दुसरा कुणी ती घेणार नाही. नक्की न करताच त्यानं खिडकी बंद केली, तर वेळ लगेच मोकळी व्हायला हवी. ती अर्धा तास तशीच अडून राहत होती.

आनंदीनं ऑफिसच्या कंप्युटरवर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. वेळ निवडायची, खिडकी बंद करायची. बंद होता होता पान सर्व्हरला शेवटचा निरोप पाठवायचं आणि वेळ मोकळी व्हायची. एकदाही चुकलं नाही.

"म्हणजे आपलं बरोबर आहे," तिचे साहेब दिग्विजय म्हणाले. "मोठ्या अक्षरात सूचना टाक. बाहेर पडण्याआधी 'रद्द करा' दाबा."

"कुणी दाबणार नाही, सर."

"मग चूक त्यांची."

"चूक कुणाचीही असो, बोट तर अडकतेच ना? मी उद्या तिथं जाऊन बघते."

"तिथं जाऊन काय बघणार? सोमवारपर्यंत जमलं नाही तर सोसायटीवाले बर्फासाठी पूर्वीसारखी रांग लावणार आहेत. आणि लावू देत. आपल्याला इतर कामं आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदी माहीमची बस पकडून थेट कारखान्यावर गेली.

साखरबाई तिथंच होत्या. नवरा गेल्यावर बोटीचा सगळा कारभार त्यांनी अंगावर घेतला होता. ही साइटवाली मुलगी, असं कळताच त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं.

"तूच काय ती? माजी बोट अडकवलीस."

"हो, मावशी. म्हणूनच आलेय. तुम्ही फोन कसा वापरता ते जरा दाखवाल?"

साखरबाईंनी वेळ निवडली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, तसं अंगठ्यानं पान वर उडवून त्यांनी फोन कमरेला खोचला. खिडकी बंद करणं म्हणजे त्यांच्या लेखी एवढंच. आनंदी दुपारपर्यंत तिथं उभी राहून बघत होती. एकाच्या फोनची बॅटरी मधेच संपली. दुसरा बोलत बोलत बोटीकडे गेला आणि तिथं त्याची रेंजच गेली. तिसऱ्याचा फोन हातातून पाण्यात पडायचा राहिला; त्यानं तो बंद करून पिशवीत टाकला. शेवटचा निरोप यातल्या एकाचाही सर्व्हरपर्यंत पोचला नव्हता.

आपण निरोपाची वाट बघत बसलोय, हेच चुकतंय, हे तिला परतीच्या बसमध्येच पटलं. निरोप आला तर उत्तम, पण त्याच्यावर काहीच अवलंबून ठेवायचं नाही. पान उघडं आहे तोवर त्यानंच थोड्या थोड्या वेळानं 'मी आहे' असं कळवत राहायचं. कळवणं थांबलं, की सर्व्हरनं मिनिटभर थांबून वेळ सोडून द्यायची. मग खिडकी कशीही बंद होवो.

शुक्रवारी ती नवीन काम घेऊन पुन्हा माहीमला आली. साखरबाईंनी वेळ निवडली, आणि नेमका त्यांच्या लेकीचा सफाळ्याहून फोन आला. सासूचं, दवाखान्याचं, घरच्या कामाचं बोलणं बराच वेळ चाललं. फोन ठेवून त्या पानावर परतल्या, तर वेळ गेलेली.

"माजी वेळ कुनी खाल्ली?" साखरबाई कडाडल्या. "मी हतंच हाय! कुटं गेली नाय! आदी सुटत नव्हती, आता टिकत नाय!"

आजूबाजूचे हसले. प्रतापभाऊंनी चष्मा काढून पुसला. "आनंदीताई, वाईट वाटून घेऊ नका. पण रांगच बरी होती."

क्षणभर आनंदीला वाटलं, दिग्विजय सरांचं ऐकायला हवं होतं. पण चूक तिला दिसत होती. मागे गेलेल्या पानाला फोन झोपवून टाकतो, आणि झोपलेलं पान काही कळवत नाही. माणूस तिथंच असतो.

"भाऊ, सोमवार अजून आलेला नाही," ती म्हणाली. "सोमवारी मी इथंच असेन. नाही जमलं तर रांगेची पाटी मी स्वतः लावीन."

शनिवार-रविवार तिनं घरी बसून काम केलं. आता पान पुन्हा समोर आलं, की ते सगळ्यात आधी आपली जुनी वेळ परत मागायचं. तोवर कुणी घेतली नसेल तर ती मुकाट्यानं मिळायची. घेतली असेल तर पान तसं स्पष्ट सांगायचं आणि पुढची मोकळी वेळ दाखवायचं. भावाला, आईला, शेजारच्या काकूंना तिनं मधेच फोन करून छळलं, फोन बंद करायला लावले, जिन्याखाली रेंज नसलेल्या जागी उभं केलं.

सोमवारी सकाळी कारखान्यावर गर्दी होती. एकानं वेळ निवडून पान उडवलं. आनंदी आपल्या फोनवर डोळे लावून बसली. मिनिट उलटलं आणि वेळ मोकळी झाली. साखरबाईंनी ती उचलली, मधेच आलेल्या फोनवर बोलून घेतलं, परत येऊन नक्की केली.

"ऱ्हायली गो!" त्या ओरडल्या आणि लगेच हमालांकडे वळल्या. "बारीक फोडा रे, गेल्या खेपंला गोटे दिलेत!"

बोट चालवणारे एक म्हातारे तांडेल मात्र कुरकुरत होते. त्यांची वेळ दुसऱ्यानं घेतली होती. आनंदीनं शेजारी बसून त्यांना पुढची वेळ काढून दिली.

दिग्विजय सरांचा फोन आला. "काय झालं?"

"चाललंय, सर. आता ती सूचना टाकायची गरज नाही."

"बरं. आपल्या दुसऱ्या साइट्सवरही हेच घालावं लागेल. उद्या ऑफिसात सगळ्यांना समजावून सांग."

"सांगते," आनंदी म्हणाली, आणि फोन ठेवून पुन्हा पान बघू लागली. अजून बऱ्याच बोटी बाकी होत्या. पाणी चढत होतं. साखरबाईंची बोट खाडीच्या तोंडाशी पोचलेली पाहून मग कुठं तिनं मघापासून समोर येऊन पडलेला चहा हातात घेतला.