मागच्या सीटवरचा मान

"आमची ही गाडी चालवत नाही, तुडवते," हे म्हणाले आणि सोफ्यावरचे चौघेही हसले. त्यातल्या एकाचा हात गळ्यात होता, स्वतःच्याच फाटकावर बुलेट घालून मोडलेला. सगळ्यात मोठ्यानं तो हसला.

मी चहाचा ट्रे धरून उभी.

"बाईचा पाय म्हणजे कसं, एक तर ब्रेकवर, नाहीतर ॲक्सिलेटरवर. मधलं काही नाही. बॅटरी बिचारी काय करंल?" असं म्हणत ह्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून गाडीची चावी काढली आणि खिशात घातली. "उद्यापासून वैजनाथ चालवंल."

वैजनाथ आमच्या नागापूरच्या वर्कशॉपचा टेम्पो चालवतो, ह्यांना नाना म्हणतो.

चहात साखर घालायची विसरले, असं मी नंतर सांगितलं. विसरले नव्हते.

गाडी हायब्रीड आहे. पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला मागच्या सीटखाली बॅटरी. सावकाश चाललं, उतार लागला, की इंजिन आपोआप बंद होतं, गाडी बॅटरीवर चालते आणि समोर हिरवी अक्षरं उजळतात. घेतली तेव्हा शोरूमवाला हे समजावून सांगत होता, हे फोनवर बोलत होते. ऐकलं ते मी.

गाडी शिकले ती पंचेचाळिशी ओलांडल्यावर, आईसाठी. आई, छबूबाई, कर्जतजवळ वस्तीवर राहते. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे, दर महिन्याला नगरला आणून इंजेक्शन द्यावं लागतं. एसटीत तिला उलट्या होतात आणि परक्याच्या गाडीत ती तोंड उघडत नाही, कळ आली तरी. म्हणून मी शिकले. वस्तीवर वळताना इंजिन बंद व्हायचं, चाकाखाली नुसती खडी चुरचुरायची. आई ओट्यावरून म्हणायची, "आली गं माझी बाय, मांजराच्या पायानं."

उन्हाळ्यापासून मात्र हिरवं दिसेनासं झालं. सिग्नलला इंजिन, उताराला इंजिन, आईच्या दारातही इंजिन. पेट्रोल वाढलं तसा ह्यांचा आवाज वाढला. गाडी सर्व्हिसिंगला न्या म्हटलं, तर म्हणे गरज काय? दोष सापडलेलाच होता. माझा पाय.

तर दुसऱ्या दिवसापासून वैजनाथ. आठवडा झाला तरी हिरवं काही उगवेना. मी जेवताना विचारलं, "का हो, आता कुणाचा पाय?"

हे भाकरी मोडत म्हणाले, "गाडीला तुझी सवय लागली. वळण मोडायला वेळ लागतो."

वरणाचं पातेलं माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं. एवढंच केलं, आणि त्याचंही श्रेय मला कुणी दिलं नाही.

आईच्या इंजेक्शनचा दिवस आला. वैजनाथ चालवायला, मी आईशेजारी मागे. स्वतःच्या गाडीत पाहुणीसारखी. मागे बसले ती पहिल्यांदाच. तिथे जागा तरी कुठे होती? हे फाल्गुनात पतसंस्थेचे चेअरमन झाले, आणि तेव्हापासून लग्न असो, वास्तुशांत असो, दहावा असो, माईकवरून नाव पुकारतात आणि शाल, टॉवेल-टोपी, नारळ देतात. ते सगळं मागच्या सीटवर. घरात आणायचं नाही, कारण उद्या तीच शाल दुसऱ्याच्या खांद्यावर घालायची असते. खाली ठेवायचं नाही, कारण मान आहे. मी आईला बसवायची तेव्हा तो ढीग दाराकडच्या कोपऱ्यात दाबायची. त्या दिवशी मीच त्या कोपऱ्याला टेकले.

मिरजगाव मागे पडलं तशी आई म्हणाली, "रुपे, हितं काय घोंगावतंय गं?"

"इंजिन असंल, आई."

"इंजान म्होरं हाय. ह्ये बुडाखाली हाय. आन लई गरम लागतंय."

ढिगाखाली हात घातला तर सीटची कड चुलीच्या भिंतीसारखी तापलेली. आतला पंखा धाप लागल्यासारखा फिरत होता. शाली उपसल्या, टॉवेल उपसले, एक नारळ वैजनाथच्या सीटखाली गडगडला. तळाशी जाळी निघाली, आणि जाळीवर बोटभर लव. टॉवेलची गुलाबी, शालीची भगवी, मधे टोपीचं पांढरं.

दवाखान्यात आईचा नंबर लागेपर्यंत मी गाडीचं पुस्तक काढलं. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. त्यात चित्रच होतं: बॅटरी गार ठेवायला पंखा इथून हवा ओढतो, जाळी झाकू नका, बॅटरी तापली की गाडी तिचा वापर कमी करते.

महिने झाले मी शिव्या खाते आहे, आणि बॅटरीचं नाक दाबून कोण बसलंय, तर ह्यांचा सत्कार!

वैजनाथकडून रंगाचा ब्रश घेतला, जाळी काढून झाडली, निघालेल्या लवेची गुंडाळी करून ठेवली, ढीग डिकीत कोंबला. परत निघालो, आणि चौकाच्या अलीकडे गाडी गप्प झाली.

"वहिनी, हिरवं!" वैजनाथ म्हणाला. मग हळूच, "नानांना मी सांगू का तुम्ही सांगताय?"

"मी सांगते. तू गेटाशी उतर आणि चावी माझ्याकडे दे."

घरी दिवाणखान्यात तेच चौघे आणि आणखी काही. समोर ताट, ताटात नवी शाल. आई गाडीतच थांबली, तिला परत सोडायचं होतं. मी डिकीतला ढीग दोन्ही हातांत घेऊन आत गेले आणि ह्यांच्या पायाशी टाकला. वर ती लवेची गुंडाळी ठेवली.

"हा बघा बाईचा पाय. जाळीवर निघाला. बॅटरीला श्वास घ्यायला जागा नव्हती तुमच्या मानामुळे."

हे उठले. "हळू बोल. लोकं बसलीत."

"माझ्या पायाला नावं ठेवलीत तेव्हा काय भिंती बसल्या होत्या?"

गळ्यात हात असलेला या वेळी हसला नाही. ताटवाला शाल उलगडावी की घडी करावी, या विचारात.

"चावी ठेव तिथं," हे म्हणाले. "संध्याकाळी बोलू."

"खिळ्यावरच राहील. पण मी परत आल्यावर. आणि तिथून काढायला तुमचा हात पुन्हा जायचा नाही. तुम्हाला कुठं जायचं असलं तर वैजनाथ टेम्पो काढंल. मागं मोकळाय, मान भरपूर मावंल."

बाहेर येऊन बसले. पाठीमागून कुणीतरी घसा खाकरला आणि म्हणालं, "बरं, सत्काराचं उरकून घेऊ." टाळ्या पडल्या, ओल्या लाकडासारख्या.

गाडी सुरू केली. हिरवी अक्षरं उजळली. फाटकापर्यंत चाकाचा आवाज नाही, इंजिनाचा नाही. अशीच गेले असते तर आत कुणाला कळलंही नसतं.

मी हॉर्नवर तळहात ठेवला आणि फाटक ओलांडून कोपऱ्यापर्यंत उचलला नाही.

आईनं डोळ्याची पट्टी सावरली. "अगं, मांजराच्या पायानं जायाचं ना?"

"तुझ्या दारात येताना, आई," मी म्हणाले. "इथनं निघताना नाही."