शुक्रवारचा तळ

आम्ही बर्फाच्या तळाला पोचलो मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर. पंचाईत एवढीच होती की टोर्किलने तळ शुक्रवारी लागणार असं जाहीर करून ठेवलं होतं.

टोर्किल म्हणजे आमच्या छावणीचा प्रमुख. कोपनहेगनमध्ये तो प्राध्यापक होता, ग्रीनलंडच्या बर्फावर राजा. पाच उन्हाळे आम्ही एकाच भोकातून बर्फ उपसत होतो. ड्रिल तारेला लटकून अडीच हजार मीटर खाली जायचं, दंडाएवढा जाड बर्फाचा गाभा पोटात घेऊन वर यायचं. मी तो मोजायची, त्यावर खोली लिहायची, नोंदवहीत टिपायची आणि पेटीत घालायची. हे सगळं बर्फातच खणलेल्या एका झाकलेल्या खंदकात चालायचं. वर चोवीस तास ऊन, खाली कायम उणे अठरा. पाच उन्हाळ्यांत टोर्किल त्या खंदकात अकरा वेळा उतरला. त्यातल्या नऊ वेळा त्याच्या पुढे कॅमेरा होता.

त्या मंगळवारी ड्रिलवर सिग्वाल्दी होता. हा आइसलंडचा. दिवसाला वीसेक शब्द बोलायचा, त्यातले निम्मे ड्रिलशी. तार वर येत असतानाच तो मला म्हणाला, "विबेके, मोटरचा आवाज वेगळा आला होता खाली. दात खाल्ल्यासारखा."

ड्रिल वर आलं. पाती पार बोथट झाली होती. गाभा निघाला जेमतेम एक्केचाळीस सेंटिमीटर. वरचा भाग काचेसारखा स्वच्छ, खालचा वीतभर मात्र गढूळ, तपकिरी, आणि टोकाला चिखलात रुतलेले तीन खडे. सिग्वाल्दीने हातमोजा काढला, एका खड्यावर बोट टेकवलं आणि मोजा परत चढवला.

"झालं," तो म्हणाला.

मी खोली लिहिली. आकडे वाकडे आले. पाच वर्षं ज्याच्यासाठी घरच्यांच्या वाढदिवसांना दांड्या मारल्या, तो चिखल माझ्यासमोर मेजावर पडला होता, आणि मला तो फार सुंदर दिसत होता. असं काही मी सहसा बोलत नाही. तेव्हाही बोलले नाही.

टोर्किल वर त्याच्या तंबूत फोनवर होता. फोन संपेपर्यंत आम्ही दारात उभे राहिलो. मग सांगितलं.

"किती जणांना माहीत आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"आम्ही दोघं. आणि आता तू."

आमच्याकडे प्राध्यापकालाही अरे-तुरेच करतात. त्याने समानता येते म्हणतात. येत असेल.

"शुक्रवारच्या विमानाने फ्रू ब्रून येतायत," टोर्किल म्हणाला. फ्रू ब्रून, म्हणजे श्रीमती ब्रून, ज्या संस्थेच्या देणगीवर आमची छावणी उभी होती तिच्या अध्यक्षा. वय ऐंशी. "बरोबर फोटोग्राफर आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत तळ लागणार असं मी त्यांना लिहून कळवलंय. शिवाय गाणं छापून झालंय."

गाण्याचं खोटं नव्हतं. डॅनिश माणसाला कुठलाही समारंभ गाण्याशिवाय पचत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या चालीवर नवे शब्द बसवायचे, कागदावर छापायचे आणि सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं. टोर्किलने सात कडवी रचली होती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'शुक्रवार' येत होता आणि त्याला यमक जुळवताना बिचाऱ्याचे हाल झालेले दिसत होते.

"गाण्यात मंगळवार घाल," सिग्वाल्दी म्हणाला.

"मंगळवार चालीत बसत नाही." टोर्किल थट्टा करत नव्हता. "हे बघा, यात खोटं काहीच नाही. गाभा खरा आहे. तोच ड्रिलमध्ये परत बसवायचा, खाली सोडायचा, आणि शुक्रवारी वर काढायचा. फक्त वेळ बदलते."

"आणि निसटून पडला तर?" मी विचारलं. "खालचा बर्फ आहे तो. एवढाच आहे."

"विबेके, तू फार लवकर घाबरतेस. म्हणूनच तू मोजणीला आहेस."

तो चिखल बघायला तो काही खाली उतरला नाही. परत फोन लावला.

स्वयंपाकघरात आलो तर पाविया हेरिंग मासे चिरत होता. पाविया आमचा आचारी, इलुलिसातचा, म्हणजे इथलाच, बाकी आम्ही सगळे पाहुणे. खिडकीत त्याने एका कुंडीत कांद्याची बारीक पात लावली होती. चारशे किलोमीटरच्या परिघात तेवढीच माती. आम्ही त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे खाली ग्रीनलंड सापडला," तो सुरी न थांबवता म्हणाला. "अभिनंदन. मला वाटलं होतं तुम्ही बहुतेक हरवलात तो."

"टोर्किलला खरा गाभा परत भोकात घालायचाय," मी म्हटलं.

"मग खोटा घाला. त्याला काय कळतंय? पाच वर्षं तो माझ्याकडे मुळा समजून सलगम खातोय."

सिग्वाल्दी पावियाकडे बघत राहिला, मग कुंडीकडे, मग कॉफीच्या भांड्याकडे. मी त्याला ओळखते. मला हसू आलं.

बुधवारी आम्ही ड्रिलच्या एका जुन्या नळीत वितळलेलं बर्फाचं पाणी ओतलं, त्यात कुंडीतली दोन मुठी माती आणि दोन दिवसांचा कॉफीचा चोथा घातला. खडे सिग्वाल्दीने बुटांच्या तळव्यांतून कोरून काढले, ते विमानतळावरचे होते. पाविया वरून ढवळत होता आणि मीठ घालू का म्हणून विचारत होता. गुरुवारी सकाळी गाभा तयार झाला. खऱ्यापेक्षा तो बराच रुबाबदार दिसत होता. खरा मी त्याच्या पेटीत, मंगळवारच्या तारखेने, कधीच ठेवून दिला होता. आणि नोंदवहीत शुक्रवारच्या पानावर आधीच लिहिलं: 'शुक्रवार. समारंभ. गाभा बनावट.' खाली साहित्य लिहिलं, प्रमाणासकट. नोंदवही हे माझं काम आहे, तिच्यात मी खोटं लिहीत नाही.

शुक्रवारी विमान आलं. फ्रू ब्रून लाल अंगरख्यात उतरल्या, काठी टेकत, कुणाचा हात न धरता. टोर्किल त्यांना छावणी दाखवत फिरत होता तेव्हा सिग्वाल्दीने ड्रिल शंभर मीटर खाली सोडून थांबवलं आणि आम्ही दोघं कॉफी प्यायलो. मग पावलं वाजली. तो तार गुंडाळायला लागला, कपाळाला आठ्या घालून, अगदी अडीच हजार मीटरवरून ओढत असल्यासारखा.

गाभा मेजावर आला. टोर्किलने टोपी काढली.

"अगाथे," तो फ्रू ब्रूनना म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच चिरकला, "हा बर्फ पडला तेव्हा आपल्यापैकी कुणीच नव्हतं."

त्या दोघांपुरतं हे खरंच होतं, बुधवारी आम्ही तिघंच होतो.

फोटोग्राफरने चाळीसेक फोटो काढले. टोर्किलच्या गालावरून एक थेंब ओघळला, तो त्याने पुसला नाही. फ्रू ब्रून मेजावर वाकल्या. बराच वेळ त्या चिखलाच्या टोकाशी नाक नेऊन उभ्या होत्या.

"मला कॉफीचा वास येतोय," त्या हळूच म्हणाल्या.

"भोक मिटू नये म्हणून आम्ही त्यात तेल भरतो," टोर्किल म्हणाला. "त्याला वास असतो. सवय नसेल तर नाकाला काहीही वाटतं."

"असेल," त्या म्हणाल्या. "अलीकडे मला काही काही वाटतं खरं."

सिग्वाल्दी जमिनीकडे बघत होता. मी नोंदवही उघडली आणि मिटली. मग सात कडवी म्हटली.

टोर्किलने त्या गाभ्याच्या टोकाची एक चकती स्वतःच्या हाताने कापून घेतली. "ही परतीच्या विमानाने प्रयोगशाळेत जाईल," तो म्हणाला. "पेट्या उघडेपर्यंत शरद ऋतू येईल. तोवर कोण थांबतंय?" मी तोंड उघडलं होतं. पण तोपर्यंत तो जिन्यावर होता.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा फोन आला. तेव्हा आम्ही छावणी आवरत होतो. त्याआधी आठ दिवस टोर्किल सगळ्यांना जेवताना सांगत होता की चकतीत वनस्पतींचे अवशेष आहेत असं पहिलं निरीक्षण आलंय, बर्फाखाली एके काळी रान होतं. फ्रू ब्रूनना त्याने फोनवर 'बाग' असंच म्हटलं होतं. फोन झाल्यावर तो एकटाच खंदकात उतरला. कॅमेरा नसताना उतरण्याची ही तिसरी वेळ.

"कांद्याची पात," तो मला म्हणाला. "पिशवीतली कुंडीची माती. आणि भाजलेली कॉफी. प्रयोगशाळेतली बाई फोनवर हसत होती, विबेके."

"हं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"लिहिलंय." मी नोंदवही त्याच्याकडे सरकवली. त्याने शुक्रवारचं पान वाचलं, साहित्यापर्यंत. कान लाल झाले. मला वाटलं आता हा ओरडणार, आमची दोघांची नावं वर कळवणार. पण कळवायचं म्हणजे काय कळवणार? समारंभासाठी खरा गाभा भोकात परत घाला असं सांगितलं होतं, तो यांनी घातला नाही, हे? ते त्यालाही सुचलं असावं. तो पेटीवर बसला.

"खरा कुठे आहे?"

मी पेटी उघडून दिली. टोर्किल वाकला. खोटा गाभा त्याने बघितला होता, हा पहिल्यांदाच बघत होता. चिखलाच्या थरात बारीक रेषा होत्या, केसासारख्या, एका बाजूला कललेल्या. त्यांवरून त्याचं बोट, न टेकता, फिरत होतं. काय वाटलं सांगू? क्षणभर मला तो पंचवीस वर्षांपूर्वीचा मुलगा दिसला, जो फक्त बर्फासाठी इथे आला असेल. मला त्याची दया आली.

मग तो सरळ झाला आणि केस नीट केले.

"एक फोटो काढतेस?"

काढला. त्यात त्याचे डोळे भरलेले दिसतात. शुक्रवारच्या फोटोत जास्त भरलेले दिसतात.

खऱ्या चिखलावर अजून काम चालू आहे. आतापर्यंत निघालंय ते असं की त्याचं वय सांगता येत नाही. पाविया परत घरी गेला, त्याने उपाहारगृह काढलंय. सिग्वाल्दी आता आइसलंडमध्ये गरम पाण्याच्या विहिरी खणतो आणि म्हणतो की पाण्याला गाणी लागत नाहीत. टोर्किलने बागेची गोष्ट सांगणं हळूहळू सोडलं. पण फ्रू ब्रूनना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते मला सलत राहिलं.

सप्टेंबरात मी डेन्मार्कात स्वेनबोर्गला त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, केक कापला. मी सगळं सांगितलं, कुंडी, बूट, पाविया. मध्ये मला हसूही आलं, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती, आणि मला वाटलं त्याही हसतील.

त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे कॉफीच होती."

"हो."

"तिथून आल्यावर मी डॉक्टरांकडे गेले," फ्रू ब्रून म्हणाल्या. "नसलेले वास यायला लागले की काय होतं ते माझ्या बहिणीचं पाहिलंय मी. दोनदा डोक्याचे फोटो काढले त्यांनी. मुलाला सांगून घराचे कागदही करायला घेतले."

बाहेर कुणीतरी हिरवळ कापत होतं. टोर्किलवर हसण्याची इतके दिवस मला जी हौस होती ती कुठे गेली कळेना.

मी कप उचलून विसळायला उठले. 'राहू दे' असं त्या म्हणाल्या नाहीत.