गुलाबाच्या पेटीतली बाई

लोक त्यांना पेटीकाका म्हणत. फार पूर्वी माणसांचे फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर काढत आणि तळहाताएवढ्या नक्षीदार पेटीत बसवत. अशा दोनशे पेट्या काकांनी जमवल्या होत्या. काकू म्हणायच्या, "घरात जिवंत माणसं दोन आणि मेलेली दोनशे. धूळ मात्र मीच पुसायची."

काकांना एक खोड होती. सुंदर पेटीत रडका, कुरूप चेहरा निघाला की त्यांना चैन पडत नसे. तो पत्रा अलगद काढून ते तिथे देखणा चेहरा बसवत. रडका जाई साध्या पेटीत. कुठला कुठे गेला, हे कधी लिहून ठेवलं नाही. विचारायला कोण येणार होतं!

एका सकाळी पन्नाशीची एक बाई आली. तिच्या भावाने घर आवरताना आजीची पेटी विकून टाकली होती आणि ती काकांकडे आल्याचं तिला कळलं होतं.

"झाकणावर गुलाब आहे, काका. एका पाकळीवर माझ्या दाताची खूण असेल. लहानपणी चावले होते. तेव्हापासून आजीने हात लावू दिला नाही. आत तिची आई आहे, तरुणपणीच गेलेली. मी तिला कधी पाहिलंच नाही, आणि पाहिलेलं आता कुणी उरलं नाही."

काकांनी पेटी आणून दिली. दाताची खूण सापडताच ती हसली. मग पेटी उघडून उजेडाकडे तिरकी धरली.

"अगंबाई! नाक अगदी माझ्या लेकीचं!"

ते नाक काकांनीच तिथे बसवलं होतं. गप्प बसलं असतं तर बाई आनंदाने घरी गेली असती. पण काकू दारातून बघत होत्या.

"ही ती नाही हो," काका कसंबसं म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

"मग माझी कुठंय?"

काकांनी साध्या पेट्या टेबलावर मांडल्या. म्हातारे, पुरुष, पोरं बाजूला काढली तरी अकरा तरुण बायका उरल्या. त्यांनी डोक्याला खूप ताण दिला. आठवत होता फक्त गुलाब.

बाईने अकराही चेहरे दोनदा पाहिले. एकीतही लेकीचं काही सापडेना. डोळे पुसून तिने विचारलं, "काका, तुम्हाला यातली सगळ्यात कुरूप कोण वाटली होती? तीच असेल ना माझी?"

काका वाकून एकेकीकडे बघू लागले. त्यांना आज एकही कुरूप दिसेना.