गाव कोणतं?

धुळ्याच्या समुपदेशन केंद्रात पुष्पाबाई पुन्हा आल्या, पण दुःखाबद्दल चकार शब्द काढेनात. दरवेळी त्या फक्त विचारायच्या, “माय, तू कोनता गावनी शे?”

समुपदेशकानं स्वतःविषयी बोलायचं नसतं, असं हेमांगीला शिकवलेलं. म्हणून ती नुसती हसायची. खरं तर कॉलेजात तिच्या अहिराणीला सगळे हसले, तेव्हापासून तिनं गावाचं नाव सांगणंच सोडलं होतं.

आज तिला स्वतःचाच राग आला. जिचं गाव माहीत नाही, तिच्यापुढे आपली आई तरी कधी रडली असती का?

“साक्रीकडली शे, अक्का.”

पुष्पाबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

“मंग दार लोटी दे, बेटा,” त्या म्हणाल्या. “आते मी समदं सांगस.”